कमांड लाइन क्लायंटनं कॅरॅक्टर सेट ओळखायचा, की आपण सांगायचा?

रात्रपाळी:
आमच्याकडे रोज पहाटे क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा प्रोग्राम) मायएसक्यूएल डेटाबेसचा क्लायंट चालतो आणि ग्राहकांची यादी सीएसव्हीत काढतो. सर्व्हर बदलला आणि दुसऱ्याच दिवशी 'मोरे'च्या जागी चार प्रश्नचिन्हं, 'शिंदे'च्या जागी पाच. तीच कमांड हातानं चालवली की नावं स्वच्छ! जुन्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, भाषा ठरवणाऱ्या लँगची एक ओळ होती, ती नव्या मशीनवर आलीच नव्हती. कॅरॅक्टर सेट, म्हणजे कुठले बाइट कुठलं अक्षर हे ठरवणारा तक्ता, सांगितला नाही तर क्लायंट लोकॅलवरून, म्हणजे मशीनच्या भाषेच्या सेटिंगवरून अंदाज बांधतो. देवनागरी सामावणारं यूटीएफ-८ दिसलं नाही म्हणून त्यानं पश्चिम युरोपीय भाषांचं लॅटिन१ धरलं. त्यात 'म' नाहीच, मग सर्व्हर प्रत्येक अक्षरामागे (मात्रा आणि अनुस्वारही वेगळे मोजून) एक '?' पाठवतो. टेबलातला डेटा शाबूत होता, फाइल वाया गेली.
माझं ठाम मत: क्लायंटनं अंदाज बांधूच नये. कॅरॅक्टर सेट दिला नसेल तर सरळ एरर देऊन थांबावं.

कट्ट्यावरचा:
अजिबात पटत नाही. मी टाइप केलेले बाइट टर्मिनलमधून, म्हणजे कमांडच्या खिडकीतून येतात, ते कुठल्या एन्कोडिंगचे (कॅरॅक्टर सेटचे) हे टर्मिनललाच माहीत. विंडोजचा कन्सोल कोड पेज ८५० या जुन्या कॅरॅक्टर सेटवर असताना कॉन्फिगमध्ये यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलचं पूर्ण यूटीएफ-८) लिहून ठेवलंत, तर ते लेखी खोटंच झालं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा क्लायंट पीएसक्यूएल बघा. इनपुट आणि आउटपुट दोन्ही टर्मिनल असतील तरच तो लोकॅल विचारतो, नाहीतर डेटाबेसचं एन्कोडिंग घेतो. अंदाज वाईट नाही, टर्मिनल नसताना बांधलेला अंदाज वाईट.

दोनबाइट:
दोघंही फक्त काय दिसतं त्यावर बोलताय. क्लायंट स्वतःही मजकूर वाचतो. अवतरणचिन्ह कुठे संपलं, हे त्यालाच ठरवायचं असतं. शिफ्ट-जेआयएस या जपानी कॅरॅक्टर सेटमध्ये कातकाना लिपीतल्या 'सो'चा दुसरा बाइट ५सी, म्हणजे बॅकस्लॅशचाच. क्लायंटला कॅरॅक्टर सेट माहीत नसेल तर त्याला वाटतं पुढचं अवतरण एस्केप केलंय, म्हणजे ते मजकुराचाच भाग आहे, आणि तो स्टेटमेंट संपायची वाट बघत बसतो. कॅरॅक्टर सेट सांगणारी 'सेट नेम्स' ही एसक्यूएल ओळ इथे पुरत नाही, ते फक्त सर्व्हरला कळतं. क्लायंटला स्वतःला सांगायला 'चार्सेट' ही वेगळी कमांड आहे, ती रीकनेक्टनंतरही टिकते. यूटीएफ-८मध्ये हा घोळ होत नाही, कारण अक्षराचे पहिल्यानंतरचे बाइट कायम ८० ते बीएफमध्येच असतात, ५सी तिथे येतच नाही. म्हणून देवनागरीवाल्यांना हे सहसा भेटत नाही.

रात्रपाळी:
'चार्सेट'चा मुद्दा मान्य, आमच्या स्क्रिप्टमध्ये 'सेट नेम्स'च होतं. पीएसक्यूएलचा नियमही मायएसक्यूएलपेक्षा चांगला. पण कट्ट्यावरचा, तुम्ही उलटी दिशा बघा. प्रश्नचिन्हं त्याच दिवशी दिसतात. यूटीएफ-८ फाइल लॅटिन१ समजून आत भरली गेली तर 'मोरे' चारऐवजी बारा अक्षरांचं होऊन बसतं (प्रत्येकाचे तीन बाइट तीन वेगळी अक्षरं ठरतात), आणि त्याच चुकीच्या क्लायंटनं वाचलं की छान 'मोरे' दिसतं. दोन चुका एकमेकींना झाकतात. वेबसाइटवर कचरा दिसेपर्यंत चुकीच्या आणि बरोबर नोंदी एकाच कॉलममध्ये मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करायला मी एकदा तीन रात्री घालवल्यात.
कन्सोलवर बसलेल्या माणसासाठी अंदाज राहू दे. आमच्या क्रॉनच्या प्रत्येक ओळीत मात्र आता डिफॉल्ट-कॅरॅक्टर-सेट लिहिलेला आहे. शिवाय लोड सुरू व्हायच्या आधी स्क्रिप्ट 'मोरे'ची कॅर-लेंग्थ, म्हणजे अक्षरसंख्या विचारते. चार आलं नाही, तर एकही ओळ भरली जात नाही.