मदत हवी आहे: मोठे स्टुडिओ बेसबॉलवर सिनेमे काढतात का अजून?

हॉलिवूडच्या बेसबॉल सिनेमांवर लेख लिहितेय. 1988 ते 92 मध्ये 'बुल डरहॅम', 'फील्ड ऑफ ड्रीम्स', 'अ लीग ऑफ देअर ओन' असे एकामागून एक आले. अमेरिकी बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत मोडणारा कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन, त्याच्यावरच्या '42'ने (2013) अमेरिका-कॅनडात साडेनऊ कोटी डॉलर कमावले, बाहेर तीस लाखही नाहीत! अलीकडचा 'ईफस' छोट्या बजेटचा. अंधार पडल्यावर गाड्यांच्या हेडलाइटमध्ये सामना पुरा करणारे त्यातले हौशी खेळाडू मला फार भावले.

बॉक्स ऑफिसचे आकडे चाळून झालेत. वेब सिरीज आणि माहितीपट नकोत.

2014च्या 'मिलियन डॉलर आर्म'नंतर मोठ्या स्टुडिओने थिएटरसाठी काढलेला बेसबॉल सिनेमा कुणाला आठवतोय का? आणि जपान-कोरियात हा खेळ एवढा लोकप्रिय, तर तिथे हे सिनेमे कितपत चालतात, ते कुठे कळेल?