विमानात हातबॅगेत पाने-पेचकस नेऊ देतात काय?

जिनफिटर_हिंगणघाट

नमस्कार मंडळी. मी हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यावरचा. डबल रोलर जिन (कापसातली रुई अन् सरकी वेगळी करायची मशीन) बसवणं, नाइफचं म्हणजे तिच्यातल्या पट्ट्यांचं सेटिंग, चामड्याच्या रोलरले खाचा मारणं हे माझं काम. दिवाळीनंतर कापूस यायले लागला की आम्हाले जेवायचीही फुरसत नसते, हे इथल्या लोकाईले सांगायची गरज नाही.

आता झालं असं, राजकोटकडच्या एका जिनवाल्या सेठजीचा फोन आला. मशिनी नव्या बसवल्या, पण सरकीले रुई तशीच चिकटून बाहेर येऊन राहिली, अन् बरीच सरकी फुटून राहिली. फुटकी सरकी रुईत गेली म्हणजे गाठीचा भाव पडलाच समजा. त्याचा फिटर सुट्टीवर. सेठजीनं मले न विचारताच परवाचं नागपूर-अहमदाबाद विमानाचं तिकीट काढलं अन् मोबाइलवर पाठवून दिलं. त्यावर लिहून आहे, फक्त हातबॅग, ७ किलो.

मी आजवर एसटी अन् रेल्वेनं फिरलो, सामानाची थैली उशाशी घेऊन. विमानाचं मले काहीच माहीत नाही. सामान म्हणाल तं फिक्स पाने, रिंग पाने, अॅलन की, पेचकस, पक्कड, छोटी हातोडी, कानस, फिलर गेज (बारीक फट मोजायची पाती), व्हर्नियर (माप घ्यायचं) अन् बॅटरीवाली ड्रिल मशीन. पाने तिथंही भेटतील, त्याचं काही वाटत नाही. जीव अडकून आहे तो एका पट्टीत. जुन्या जिनची मोडकी नाइफ होती, तिच्यातून मी ती ग्राइंडरवर घासून काढली. वीतभर लांब, एका टोकाले पायरी काढली आहे, दुसऱ्या टोकाले सायकलची ट्यूब गुंडाळली आहे. मूव्हिंग नाइफ फिक्स नाइफवर किती चढते ते मी त्या पायरीनं पाहतो, दर वेळी मोजत बसावं लागत नाही. बोटाले सवय झाली आहे तिची. पण दिसते ती चाकूच. धार नाही तरी.

ती पट्टी अन् फिलर गेज तरी हातबॅगेत नेऊ देतील काय? खालच्या सामानात टाकलं अन् पेटी दुसऱ्याच गावी गेली तं मी तिथं हात हलवत उभा राहीन.

वर्धा_लाइन

नवजीवन एक्स्प्रेसनं जा ना भाऊ. वर्ध्याहून बसले की थेट अहमदाबाद. हातोडी उशाशी घेऊन झोपा, कोणी विचारत नाही.

जिनफिटर_हिंगणघाट

तेच म्हणलं होतं सेठजीले. म्हणे एक दिवस मिल बंद ठेवायले तिकिटापेक्षा जास्त पैसे लागतात.

इरेक्शनवाले_काका_वणी

अरे बाबू, पहिले हे ऐक. पाना, पेचकस, पक्कड, हातोडी, कानस, ड्रिलचे बिट, यातलं काहीच हातबॅगेत चालत नाही. छोटं-मोठं काही नाही. आपल्याकडं हे नियम बीसीएएस करते, म्हणजे विमान सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं, अन् नागपूरले बॅगा तपासतात सीआयएसएफचे जवान. हातबॅगेच्या मनाई यादीत पाने-पकडीसकट सगळी अवजारं येतात. पण तेच सामान काउंटरवर वजन करून दिलं, विमानाच्या पोटात जाऊ दिलं, तं कोणाची काही हरकत नाही. म्हणून आज रात्रीच सेठजीले फोन कर अन् तिकिटावर १५ किलो सामान वाढवून घे. आधी वाढवलं तं स्वस्तात होते. काउंटरवर उभं राहून वाढवलं की किलोमागं पैसे मोजावे लागतात, अन् लोखंड किती वजनदार असते ते तुले मी काय सांगू.

फिलर गेजचं सांगतो, कारण त्यात लोक हमखास अडकतात. एक्सरेच्या पडद्यावर ते काय दिसते? एका पिनवर बसवलेली पाती, वरून कव्हर. घडीचा चाकू! जवान बॅग बाजूले घेतेच. मग तू पाती पंख्यासारखी उलगडून दाखव, त्यावर ०.०५, ०.१० लिहून आहे ते दाखव. एखाद्याले समजते, एखाद्याले नाही समजत, अन् शेवटचा शब्द त्याचाच. मागं आमच्या टोळीतल्या एका पोराचं असंच झालं. त्यानं वाद घातला, पाठीमागची रांग खोळंबली, अन् शेवटी गेजही गेलं अन् पेचकसही. त्यापेक्षा दोन्ही खाली टाक. व्हर्नियरही खालीच, त्याच्या जबड्याची टोकं पाहिली काय तू?

आता बॅटरी. इथं नियम उलटा आहे बरं. सुटी लिथियम बॅटरी अन् पॉवर बँक खालच्या सामानात चालतच नाही, ती हातबॅगेतच पाहिजे. कारण सरळ आहे. असली बॅटरी आतून शॉर्ट झाली तं पेटते, अन् ती लवकर विझत नाही. माणसांमध्ये पेटली तं कोणाच्या तरी नजरेत येते, पाणी मारता येते. खाली सामानाच्या ढिगात पेटली तं कोण पाहते? म्हणून ड्रिलची बॅटरी काढायची, टोकांवर चिकटपट्टी मारायची, अन् कपड्यांसंगं वर ठेवायची. मशीन अन् बिट खाली. बॅटरीची मर्यादा १०० वॉट-अवर. त्याच्या वर १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते, त्याच्याही वर बंदच.

बेअरिंग धुवायचं रॉकेल, गंज सोडवायचा स्प्रे, आगपेटी, लायटर, हे ना वर ना खाली. पाने पुसून घे, रॉकेलचा वास मारत असलेली बॅग कोणालेही उघडून पाहावीशी वाटते. खर्ऱ्याचं विचारू नको, विमानात थुंकायले जागा नाही.

पट्टी मात्र डोकं लावून ने. ती चाकूच दिसते असं तूच म्हणून राहिला, मग जवानाले काय दिसणार? खालीच टाक. पण परवाले अजून एक दिवस आहे, ग्राइंडर तुझ्या घरी आहे, तं दुसरी घासून ठेव. पायरीची मापं व्हर्नियरनं घे अन् मोबाइलमध्ये लिहून ठेव, फोटोही काढ. पेटी उशिरा आली तरी राजकोट म्हणजे लेथ अन् डिझेल इंजिनांचं गाव आहे. माप हातात असलं तं तिथला कोणताही कारखानावाला तासाभरात तशी पट्टी काढून देते. माप नसलं तं मग खरंच हात हलवत बसशील.

चांदूर_ते_डॅलस

काकांचं बरोबर असेल, पण थोडी भर घालतो. मी मूळचा चांदूर रेल्वेचा, सध्या अमेरिकेत असतो. इथे ७ इंचांपर्यंतची अवजारं, म्हणजे साधारण १७.८ सेंटिमीटर, हातबॅगेत चालतात. पेचकस, पाना, पक्कड मी स्वतः नेली आहे, कोणी विचारलंही नाही. पट्टी वीतभर म्हणजे तेवढीच असेल ना? नियम छापून नेला तर दाखवता येईल.

इरेक्शनवाले_काका_वणी

दादा, तुमचा नियम अमेरिकेच्या टीएसएचा, म्हणजे तिथल्या प्रवास सुरक्षा खात्याचा. तिथंही २००१ च्या हल्ल्यानंतर सगळंच बंद केलं होतं, २००५ च्या डिसेंबरात ही सात इंचांची सूट दिली. युरोपात वेगळंच, तिथं पेचकसाची दांडी ६ सेंटिमीटरच्या वर नको. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच्या जवानाले अमेरिकेचा कागद दाखवला तं तो चहा पाजून परत पाठवील! आपल्याकडं इंचांत मोजून दिलेली सूट म्हणजे शीख प्रवाशांच्या कृपाणीची. २०२२ च्या मार्चमध्ये तसा आदेश निघाला. पातं ६ इंच, मुठीसकट ९ इंच, अन् तेही देशातल्या देशात, भारतीय कंपनीच्या विमानात. फिटरच्या पट्टीले तशी सूट नाही.

चांदूर_ते_डॅलस

मान्य. परत येताना मुंबईला पेचकस काढून ठेवावा लागला असता म्हणजे! मला वाटायचं हे सगळीकडे सारखंच असतं.

बुटीबोरी_टॅक्सी

मी विमानतळावर सवाऱ्या सोडतो, म्हणून एक गोष्ट सांगतो, कोणी सांगत नाही. माणसाले सोडून मी वर्धा रोडले लागतो न लागतो की फोन येते, भाऊ परत या, कात्री पकडली. एकदा आतमध्ये सामान अडलं की तीनच रस्ते. काउंटरवर परत जाऊन ते खालच्या सामानात द्या, नाही तं सोडायले आलेल्या माणसाच्या हाती द्या, नाही तं तिथल्या डब्यात टाका. काउंटर तं उड्डाणाच्या तासभर आधीच बंद होते. म्हणून जो कोणी सोडायले येईल त्याले सांगून ठेवा, तुमचा फोन येईपर्यंत गाडी हलवू नको. हिंगणघाटहून जाम, बुटीबोरी करत दीड तास तरी धरा, अन् हंगामात कापसाच्या गाड्या रस्त्यावर असतात, तं दोन तास. विमानतळ शहराच्या अलीकडंच आहे, एवढंच बरं.

जिनफिटर_हिंगणघाट

काका, दादा, टॅक्सीवाले भाऊ, सगळ्यांचे आभार. सेठजीनं १५ किलो वाढवून दिलं, थोडं कुरकुरला. किराणा दुकानातल्या काट्यावर सामान तोललं तं सगळं मिळून ११ किलोच्या थोडं वर भरलं, म्हणजे अजून जागा आहे. पट्टी दुसरी घासायले घेतली. पहिलीसारखी हुबेहूब जमून नाही राहिली, पायरीचा कोपरा गोल होऊन राहिला, पण रात्री कानशीनं सरळ करतो.

दोन गोष्टी अजून. ड्रिलच्या बॅटरीवर १८ व्होल्ट, २ एएच लिहून आहे, वॉट-अवर कुठंच नाही. अन् माझी पेटी पत्र्याची आहे, तिले कुलूप लावू काय?

इरेक्शनवाले_काका_वणी

व्होल्टले एएचनं गुण. अठरा दुणे छत्तीस, म्हणजे ३६ वॉट-अवर, बिनधास्त ने. मोबाइलच्या पॉवर बँकेवर एमएएच राहते, त्याले ३.७ नं गुणून हजारानं भागायचं. वीस हजारवाली ७४ भरते, तीही चालते.

पत्र्याची पेटी नेऊ नको. तिचे कोपरे दुसऱ्याच्या बॅगा फाडतात, अन् पट्ट्यावरून पडली की कडी तुटून पाने विमानतळभर होतात. कॅनव्हासची जाड बॅग घे, पाने गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांध, वजन बॅगेच्या मधात येऊ दे. व्हर्नियर त्याच्या डब्यातच ठेव, पट्टी प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यात घाल अन् दोन्हीकडून कापूस कोंब. कापसाची तुमच्याकडं कमी नाही.

कुलूप चालते. पण किल्ली खिशात ठेव, खालच्या बॅगेत नाही. पेटीत काही संशयाचं दिसलं तं तुले बोलावून उघडायले लावतात. म्हणून विमानात बसेपर्यंत फोन चालू अन् आवाज मोठा ठेव. काउंटरवर बॅटरी, लायटर आहे काय ते विचारतील, बॅटरी हातबॅगेत आहे म्हणून सांग. अन् अवजारं आहेत हे आपणच सांगून टाक, मशिनीचं काम करतो म्हणून. लपवल्यासारखं करू नको.

जिनफिटर_हिंगणघाट

हो जी काका. पाइपचा तुकडा भेटला, बोअरचा उरला होता. रॉकेल अन् ग्रीस तिथंच काढून ठेवायले सेठजीले आत्ताच फोन लावतो.