कुत्रीसकट भाड्याचं घर हवंय (ठाणे / ऐरोली / घणसोली) – मदत करा

मंडळी, महिनाभर फोन करून करून कंटाळले, म्हणून शेवटी इथे विचारतेय.

आम्ही चौघं. मी, नवरा, सासूबाई आणि बुंदी. बुंदी सात वर्षांची देशी कुत्री. सध्या खारेगावात राहतो. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यांना घर हवंय, म्हणून करार संपला की निघायचं. हातात दीड महिना आहे. माझं ऑफिस ऐरोलीत, नवऱ्याचं वागळे इस्टेटला. पावसात विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं की माझी स्कूटर अडकते, त्यामुळे ऐरोलीकडे सरकलो तर मला बरंच. बजेट २८ हजारांपर्यंत, वन बीएचके चालेल. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून लिफ्ट तरी हवी नाहीतर तळमजला.

साइटवर 'पेट्स चालतील' असं टिक करून शोधलं तरी फोनवर पहिलं वाक्य येतं, "डॉग आहे का? मग अवघड आहे, मॅडम." मालकाला विचारलं तर म्हणतो, मला काय, सोसायटी चालवून घेत नाही. सेक्रेटरींना गाठलं तर, आमचं काही नाही हो, ओनरने ठरवायचं. दोघंही इतकं गोड बोलतात की 'नाही' नक्की कोण म्हणालं तेच कळत नाही. मानपाड्याला एक घर जवळजवळ पक्कं झालं होतं. टोकन द्यायच्या आदल्या दिवशी कमिटीचा निरोप आला, कुत्रा लिफ्टमधून न्यायचा नाही. फ्लॅट नवव्या मजल्यावर! एका काकांनी "मांजर असती तर बघितलं असतं" असंही सांगितलं. (मांजरवाल्यांनो, तुमचं खरंच सोपं असतं का?) आणखी एकांनी दारं कुरतडली तर म्हणून पन्नास हजार जास्तीचं डिपॉझिट मागितलं. बुंदीने आजवर एकच वस्तू कुरतडलीये, सासूबाईंची कोल्हापुरी, तीही पिल्लू असताना.

आता एजंट म्हणतोय, "तुम्ही आधी शिफ्ट व्हा, महिन्याभराने तिला हळूच आणा. ॲग्रीमेंट झालं की कोण काढतंय?" नवरा विचारात पडलाय. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "आणि महिनाभर ती कुठे राहील?"

असं कुणी केलंय का? आणि लिफ्टची बंदी सोसायटी खरंच घालू शकते का?
– बुंदीची आई

खाडीकाठचा : लपवून आणू नका. आमच्या मजल्यावर एकाने आणलं होतं, तिसऱ्या महिन्यात मालकाने नोटीस दिली. भाडेकरूला वर्षभर मालकाशीच निभवायचं असतं.

लिफ्टचं म्हणाल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, अगदी बहुमताने ठराव केला तरी. लिफ्टही नाकारता येत नाही. पण हे सोसायटीपुरतं. मालकाने स्वतःचं घर कुत्रेवाल्यांना द्यायलाच हवं, अशी सक्ती कुणी करू शकत नाही. म्हणून आधी मालक पटवा. त्यांचा होकार तोंडी ठेवू नका, लीव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) नोंदवताना 'एक पाळीव कुत्री राहील' हे त्यात लिहून घ्या. रेबीजच्या लसीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना पहिल्याच भेटीत पुढे ठेवा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

घणसोलीकर : ताई, टॉवर सोडा. ऐरोली, कोपरखैरणेच्या रो हाऊसमध्ये तळमजल्याची खोली बघा. लिफ्टच नाही, म्हणजे लिफ्टचं भांडण नाही. नाहीतर घणसोली, तळवली गावठाणात या. इमारत एकाच मालकाची, कमिटी-बिमिटी नाही, आणि त्याच्या अंगणात आधीच दोन कुत्री झोपलेली असतात. फक्त ही गरजेपोटी (म्हणजे गावकऱ्यांनी परवानगीशिवाय) बांधलेली घरं आहेत, पाणी किती वाजता येतं आणि वीजमीटर वेगळा आहे का, ते आधी विचारा. एजंट ही घरं दाखवत नाहीत. किराणा दुकानात किंवा इस्त्रीवाल्याकडे चौकशी करा.

खाडीकाठचा : +१. आणि घर बघायला जाताना बुंदीला घेऊन जा. आधी फिरवून दमवा म्हणजे झालं.

बुंदीची आई : दोघांनाही खूप धन्यवाद. लसीचं कार्ड आहे, परवाना मात्र काढलेलाच नाही, तो या आठवड्यात काढते. नवऱ्यालाही धागा वाचायला दिला, एजंटचा बेत रद्द. रविवारी सकाळी घणसोली गावात येतेय. घणसोलीकर, तो इस्त्रीवाला नक्की कुठे बसतो?