मदत हवी आहे: ट्यूब मॅगझिनची, परवडणारी आणि अचूक .२२ रायफल

नवा_नेम:
५० मीटरवर कागदी टार्गेटसाठी .२२ लाँग रायफल काडतुसाची रायफल घ्यायची आहे. परवाना आहे. सुटं मॅगझिन नको, नळीखालची ट्यूबच हवी. बजेट बेताचं आहे, जुनी चालेल. मार्लिन मॉडेल ६० आणि हेन्री एच००१ या दोनांत अडकलोय. ट्यूबवाली बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायची) मिळते का? वापरणाऱ्यांपैकी एक जण डावखुरा आहे. जुनी बघताना काय तपासायचं तेही सांगा.

शांत_ट्रिगर:
फक्त कागदावर मारायचं असेल तर बोल्टच घ्या. मार्लिन ९८१टी किंवा तिच्यानंतरची एक्सटी-२२टीआर शोधा, ट्यूबमध्ये १७ लाँग रायफल काडतुसं बसतात. एक्सटीचा ट्रिगर हलका करता येतो. त्याहून मोठा फायदा म्हणजे बोल्ट काढला की नळी मागून साफ करता येते. डावखुऱ्याची फार काळजी करू नका: पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकलेला असला की उजवा हात मोकळाच असतो, तो बोल्ट ओढतो.

मॉडेल ६० सेमी-ऑटोमॅटिक आहे, म्हणजे गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं. काही रेंजवर सेमी-ऑटोमॅटिक चालत नाही, आधी चौकशी करा. नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या १६ उथळ खाचा आहेत आणि त्या किमतीत ती खरोखर चांगली मारते. मात्र नळी रिसीव्हरमध्ये (यंत्राच्या मुख्य सांगाड्यात) दाबून बसवून पिन मारलेली असते, त्यामुळे नळी खराब निघाली तर बदलण्याच्या फंदात पडणं परवडत नाही. म्हणून जुनी घेताना सगळा जीव नळीवर ठेवा. लाकडावरचे ओरखडे असू देत.

हेन्रीचा लिव्हर (काडतूस भरायचा ट्रिगरजवळचा दांडा) मऊ चालतो, आणि शॉर्ट, लाँग, लाँग रायफल तिन्ही काडतुसं घेतो. पण स्कोप (नेमाची दुर्बीण) बसवायची खाच वरच्या पातळ कव्हरवर असते. कव्हरचे स्क्रू ढिले झाले की झिरो (जुळवून ठेवलेला नेम) सरकतो आणि माणूस स्कोपला दोष देत बसतो. शिवाय शॉर्ट खूप मारले की चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढच्या भागात काजळी आणि शिशाचं कडं जमतं, मग लाँग रायफल पूर्ण आत बसत नाही. जुन्या हेन्रीत हे हमखास बघा.

पितळी_नळी:
तपासणीबद्दल. पहिलं, नळीचं तोंड. मॉडेल ६० किंवा हेन्री मागून साफ करता येत नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं पुढून रॉड घालतात आणि रॉड तोंडाची कड एका बाजूने झिजवतो. गोळी बाहेर पडताना तिच्या बुडामागचा वायू त्या झिजलेल्या बाजूने आधी सुटतो, गोळी कलते आणि ग्रुप (कागदावरचा गोळ्यांचा झुपका) फुटतो. कापूस लावलेली काडी कडेवरून आतून बाहेर ओढत गोल फिरवा. एकाच जागी तंतू अडकले तर तिथे बारीक धार उचललेली आहे. चांगल्या गनस्मिथकडून कड नव्याने कापून घेता येते, पण ते पैसे किमतीतून वजा करून मागा.

दुसरं, ट्यूब. आतली पितळी ट्यूब पूर्ण बाहेर काढून सपाट टेबलावर लोळवा, वाकली असेल तर लगेच डगमगते. बाहेरच्या ट्यूबवरून बोट फिरवत पोचा शोधा. छोट्या पोच्यातही ढकलणारा गुटका अडकतो, आणि मग शेवटची दोन-तीन काडतुसं वर येत नाहीत. ट्यूब नळीला जिथे कडीने धरलेली असते तिथे फार घट्ट असेल तर नळी तापल्यावर नेम सरकतो. पहिल्या पाच गोळ्या एकीकडे आणि पुढच्या पाच वर, असं दिसलं तर कडी बघा.

मॉडेल ६० मध्ये रिसीव्हरच्या मागच्या टोकाला प्लास्टिकचा बफर असतो. वयाने पिवळा पडून तुटतो आणि तुकडे यंत्रात पडतात. भाग स्वस्त आहे, घेतल्या घेतल्या बदलून टाका, सोबत बोल्टची स्प्रिंगही.

नवा_नेम:
मनापासून आभार. बोल्टकडे मन झुकतंय. पण मॉडेल ६० चांगल्या अवस्थेत मिळाली तर तिच्यात स्टँडर्ड व्हेलॉसिटी (जरा मंद वेगाची) काडतुसं चालतील का? आणि स्कोप?

शांत_ट्रिगर:
बोल्टमध्ये बिनधास्त. मॉडेल ६० चा बोल्ट काडतुसाच्या धक्क्यावरच मागे जातो, म्हणून मंद काडतुसात तो अर्ध्यातून परततो आणि रिकामं केस अडकतं. काही रायफलींना चालतं, काहींना नाही. आधी साफ करून, बफर-स्प्रिंग बदलून बघा. नाहीच चाललं तर सीसीआय मिनी-मॅगसारखं वेगवान काडतूस घ्या. अचूकतेसाठी मात्र स्टँडर्ड व्हेलॉसिटीच बरी: सीसीआयची ४० ग्रेनची गोळी साधारण सेकंदाला ३२५ मीटरने सुटते, ध्वनीच्या वेगाखाली राहते, त्यामुळे वाटेत ध्वनीची रेषा ओलांडताना होणारा हिसका तिला बसत नाही.

चार-पाच प्रकारची काडतुसं एकेक खोकं आणा. प्रकार बदलताना पहिल्या १५-२० गोळ्या मोजू नका, नळीत आधीच्या गोळ्यांवरच्या मेणाचा थर असतो. मग पाच-पाच गोळ्यांचे निदान चार ग्रुप घ्या. एकाच सुंदर ग्रुपवर भाळू नका.

स्कोप रिमफायरसाठीचाच (.२२ सारख्या काडतुसांसाठीचा) घ्या, २-७×३२ पुरे. त्याचा पॅरॅलॅक्स (डोळा सरकला तरी नेम हलू नये म्हणून जुळवलेलं अंतर) बहुधा ५० यार्डाच्या आसपास बसवलेला असतो. मोठ्या रायफलींचा बहुधा १०० यार्डावर असतो, मग डोळा जरा सरकला की क्रॉसहेअर टार्गेटवर फिरतो.

पितळी_नळी:
एक गोष्ट सगळ्यांत आधी त्या डावखुऱ्यालाही शिकवा. ट्यूब ओतून रिकामी केली म्हणजे रायफल रिकामी झाली असं नाही. एक काडतूस लिफ्टरवर (ट्यूबमधून काडतूस वर उचलणाऱ्या भागावर) आणि एक चेंबरमध्ये राहू शकतं. नळी सुरक्षित दिशेला ठेवून आतली ट्यूब बाहेर काढा, ॲक्शन चार-पाच वेळा पूर्ण मागेपुढे करा, मग उजेडात चेंबर आणि लिफ्टर दोन्ही डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा. विकणाऱ्यानं ‘रिकामी आहे’ म्हणून हातात दिली तरी हेच करा.