ऐरोलीत राहून सायबेरियाच्या मातीची काळजी करावी का?

खाडीकाठची (ऐरोली):
परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पर्माफ्रॉस्टचा विषय काढला, तर एक काका म्हणाले, "आधी आपला नाला बघा." तेव्हापासून डोक्यात घोळतंय. उत्तरेकडच्या त्या कायम गोठलेल्या जमिनीत सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन आहे, म्हणजे हवेतल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट. हजारो वर्षं न कुजलेली मुळं, पानं, शेवाळ. जमीन वितळली की सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात. हवा खेळती असेल तर कार्बन डायऑक्साइड निघतो, पाणी साचलं तर मिथेनही. पृथ्वी तापवणारे हे वायू काय तिथेच थांबणार आहेत? पालिकेच्या हवामान आराखड्यात हे यायलाच हवं.

दिवेकर:
ताई, अजिबात पटलं नाही. आमच्या खिडकीच्या गजावर बोट फिरवलं की काळं व्हायचं, कचराभूमीच्या धुराने. मिथेन आमच्या उशाशीच तयार होत होता. ओला कचरा वेगळा करणं माझ्या हातात आहे, सायबेरिया नाही. आराखड्यात पैसा मोजकाच असतो.

गाळवाला (रबाळे):
दोघांनी वायूच धरलाय. विषाचं काय? पर्माफ्रॉस्टमध्ये हजारो वर्षांचा पाराही अडकलाय. तो पाण्यात उतरला की काही जीवाणू त्याचं मिथाइल पारा, म्हणजे आणखी विषारी रूप करतात, आणि तो माशांतून माणसात येतो. आता आपल्याकडे या. ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर १९८१ मध्येच शोधनिबंध आलाय. ओहोटीला चिखलात काठी खुपसा. बुडबुडे येतात, सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंचं काम. पाऱ्याचं मिथाइल पारा करणारे बरेचसे याच कुळातले. दिवेकर, इकडचं-तिकडचं कसं वेगळं करणार?

दिवेकर:
जीवाणू सारखे असतील हो, पण इलाज सारखा नाही. खाडीचा गाळ उद्या तपासता येतो. तिकडचा बर्फ कोण धरून ठेवणार?

खाडीकाठची (ऐरोली):
धरता येत नाही, हे खरंय. आणि तिकडचा सगळा मिथेन वर येतो असंही नाही. वरच्या कोरड्या थरातले जीवाणू बराचसा खाऊन टाकतात. 'मिथेन बॉम्ब' वगैरे मथळे मलाही पटत नाहीत. पण ती जमीन किती वितळेल हे ठरणार आपण सगळे मिळून किती कोळसा, डिझेल जाळतो यावर. म्हणून तर आराखड्यात हवं म्हणते. गाळातला पारा तपासा, असं पत्र पालिकेला लिहिते. सही कराल?

दिवेकर:
पाऱ्यासाठी करतो. सायबेरियाचा परिच्छेद घातलात तर नाही.

खाडीकाठची (ऐरोली):
घालणार आहे.