रि: आई-बाबांचं रेलकार्ड (एडिनबरा, शुक्रवार सकाळ)

प्रेषक: क्रॉयडनकर

नमस्कार मंडळी,
आई-बाबा ठाण्याहून येताहेत. बाबा ६२, आई ५९. शुक्रवारी सकाळी आठच्या गाडीने लंडनच्या किंग्ज क्रॉसहून एडिनबरा, सोमवारी परत. आम्ही दोघं आणि सात वर्षांची लेक बरोबर. तिकिटांवर सूट देणारं रेलकार्ड घ्यायचंय: टू टुगेदर (दोघांनी बरोबर फिरण्याचं) घेऊ की सीनियर (ज्येष्ठांचं)? तिकिटं आज रात्रीच काढायची आहेत.

प्रेषक: खजिनदार

टू टुगेदर. दोघांत मिळून एकच कार्ड, ३५ पौंड, वर्षभर एक तृतीयांश सूट. सीनियर माणशी ३५, म्हणजे सरळ दुप्पट. आणि पुन्हा कुणी विचारायच्या आत सांगतो: व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनाही रेलकार्ड मिळतं, इथला रहिवासी असण्याची अट नाही.

प्रेषक: रेडिंगकर

खजिनदारसाहेब, गाडी आठची आहे! टू टुगेदर सोमवार ते शुक्रवार साडेनऊच्या आधी चालत नाही, अ‍ॅडव्हान्स (ठरावीक गाडीचं, आधी काढलेलं) तिकिटावरसुद्धा नाही. शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडेला वेळेचं बंधन नाही. सीनियरला ६० पूर्ण लागतात, म्हणजे आई बाद.

क्रॉयडनकर, फॅमिली अँड फ्रेंड्स घ्या. तेही ३५ पौंडच. एका कार्डावर ४ मोठे आणि ५ ते १५ वयाची ४ मुलं. मोठ्यांना एक तृतीयांश सूट, मुलांना ६० टक्के. कार्डावर दोन नावं घालता येतात, तुम्हा नवरा-बायकोची घाला. त्यातलं एक जण आणि निदान एक मूल गाडीत असायलाच हवं. सकाळच्या गर्दीच्या वेळेचं बंधन याही कार्डाला आहे, पण ते फक्त लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या आतल्या आत होणाऱ्या प्रवासाला. एडिनबराला लागू नाही.

प्रेषक: खजिनदार

शुक्रवारी शाळा असते. लेक आली नाही तर त्या कार्डावर काढलेली पाचही तिकिटं वाया.

प्रेषक: क्रॉयडनकर

हाफ टर्मची सुट्टी आहे, लेक येतेय. फॅमिली अँड फ्रेंड्स पक्कं. पण इतर दिवशी आम्ही ऑफिसात, आई-बाबा दोघंच फिरणार. एकदा बाथ शहरालाही जायचं म्हणताहेत. त्याचं काय?

प्रेषक: हॅरोच्या काकू

लंडनमध्ये फिरण्यासाठी टू टुगेदर आणि फॅमिली अँड फ्रेंड्स दोन्ही निरुपयोगी, कारण ती ऑयस्टरला (लंडनच्या प्रवासाच्या स्मार्ट कार्डाला) जोडता येत नाहीत. सीनियर जोडता येतं. बाबांचं कार्ड काढलंत तर ते आणि ऑयस्टर घेऊन ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडे जा, तो मशीनवर जोडून देतो. मग ऑफ-पीक, म्हणजे गर्दी नसतानाच्या भाड्यात एक तृतीयांश सूट. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात हे पीक, तेवढं टाळा. बँकेचं कार्ड टॅप केलं तर यातलं काही मिळत नाही, हे बाबांना नीट समजावून सांगा. ६०+ ऑयस्टर आणि फ्रीडम पास हे ज्येष्ठांचे मोफत प्रवासाचे पास लंडनच्या रहिवाशांसाठीच असतात, त्यांच्या मागे लागू नका.

बाकी हिशेब सोपा आहे. ३५ पौंडांचं कार्ड वसूल व्हायला मूळ दराने १०५ पौंडांची तिकिटं व्हावी लागतात. बाबांच्या एकट्याच्या ट्यूबप्रवासात तेवढी होतील असं मला वाटत नाही. बाथ आणि आणखी एखादी लांबची फेरी होणार असेल तर दोघांसाठी टू टुगेदर घ्या आणि साडेनऊनंतर निघा.

प्रेषक: रेडिंगकर

बाथसाठी वाटेतल्या डिडकॉट पार्कवे स्टेशनला तिकीट तोडून बघा. लंडनचं पॅडिंग्टन ते डिडकॉट एक, डिडकॉट ते बाथ दुसरं. या मार्गावर पुष्कळदा दोन तुकड्यांची बेरीज सरळ तिकिटापेक्षा कमी येते.

प्रेषक: खजिनदार

ज्येष्ठ मंडळींना मध्येच उतरवून गाडी बदलायला लावू नका.

प्रेषक: रेडिंगकर

उतरायचं नसतं! एकाच गाडीत बसून राहायचं. नॅशनल रेलच्या प्रवास-नियमांतल्या १४व्या कलमात याला स्पष्ट परवानगी आहे. अट एकच: तिकीट जिथे तुटतं तिथे ती गाडी थांबली पाहिजे. बाथवरून ब्रिस्टलकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या डिडकॉटला थांबत नाहीत, आणि घोटाळा इथेच होतो. न थांबणाऱ्या गाडीत ही दोन तिकिटं चालत नाहीत. म्हणून बुकिंग करताना थांब्यांची यादी उघडून डिडकॉट डोळ्यांनी बघा. दोन्ही तिकिटांवर आसन आरक्षित केलंत तर क्रमांक सारखे आलेत का तेही बघा, नाहीतर डिडकॉटला डबा बदलावा लागेल. गाडी उशिरा पोचली तर भरपाई दोन्ही तिकिटं जोडून पूर्ण प्रवासाची मागायची.

प्रेषक: सहल समिती

एक विनंती. आपल्या मंडळाच्या सहलीची तिकिटं कुणी परस्पर तोडून काढू नयेत, ते बुकिंग समितीच करते. ३ ते ९ जणांना ग्रुपसेव्हवर कार्डाशिवाय एक तृतीयांश सूट मिळते, पण ती ऑफ-पीक तिकिटांवर आणि ठरावीक कंपन्यांच्याच गाड्यांत. त्यावर पुन्हा रेलकार्डाची सूट लागत नाही.

प्रेषक: हॅरोच्या काकू

क्रॉयडनकर, एडिनबराचं आज काढताय ना? तिथे एलएनईआर या रेल्वे कंपनीने जुनं सुपर ऑफ-पीक तिकीट २०२४ साली बंद केलंय. आता अ‍ॅडव्हान्स, ७० मिनिट फ्लेक्स किंवा एनीटाइम (कुठल्याही वेळेच्या गाडीचं). फ्लेक्सवर ठरलेल्या गाडीच्या ७० मिनिटं आधीची-नंतरची गाडी चालते, सोमवारी परतताना आई-बाबांची घाई होऊ नये म्हणून त्याचा विचार करा. जाताना अ‍ॅडव्हान्सच घ्या. त्याच मार्गावरच्या लुमो कंपनीचे दरही पडताळून पाहा, पण त्यांची तिकिटं फक्त त्यांच्याच गाडीत चालतात. बुकिंग रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या साइटवर करा, फी पडत नाही आणि कुठल्याही एका कंपनीच्या साइटवर देशभरातली तिकिटं मिळतात. कार्ड डिजिटल घ्या, लगेच फोनवर येतं. ज्याच्या फोनमध्ये ते आहे त्याने चार्जर सामानात खाली टाकू नये.