सेकंडहँड १५०-१६० घ्यायचीये, बजेट ७० हजार (सगळं धरून!), सल्ला द्या

धायरी_फाटा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज धागा काढते. माझं रोजचं धायरी ते हिंजवडी फेज २, जाऊन येऊन पन्नासेक किमी. सध्या ११० ची स्कूटर आहे, सात वर्षं झाली. नवले पुलाच्या उतारावर शेजारून कंटेनर गेला की ती छोटी चाकं अशी हलतात की जीव मुठीत धरून चालवावी लागते. वारज्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला की ती पळत नाही आणि मागचा प्रत्येक जण हॉर्न मारतो.
गिअरची गाडी येते, कॉलेजात असताना मामाची चालवायचे. हवीये १५० किंवा १६०, दिसायला जरा स्पोर्टी, पिकअप असलेली, महिन्यातून एकदा कराडला पण जाता आलं पाहिजे. उंची ५ फूट ३. बजेट ७० म्हणजे ७०, त्यात ट्रान्सफर, इन्शुरन्स सगळं आलं. लोन काढायचं नाही. घरचे म्हणतायत नवी स्कूटरच घे.
दोन बघून ठेवल्यात. एक २०१९ ची अपाचे आरटीआर १६० फोरव्ही, ६८ सांगतोय. दुसरी २०१८ ची एफझी, ५५. काय बघू, काय टाळू? मेंटेनन्सचं पण सांगा.

टॉर्कराव
भाऊ ७० हजारात कशाला लोकांचं उष्टं घेतोस. डाउनपेमेंट भर आणि सरळ ड्यूक ३९० उचल. आता जीएसटी पण २८ चा १८ झालाय. मी घेतली, आयुष्यात एकदाच जगायचंय. चाकणलाच बनते, म्हणजे आपल्या घरचीच गाडी.

धायरी_फाटा
@टॉर्कराव, भाऊ नाही. वर "वाचतेय", "चालवायचे" लिहिलंय. लोन नाही हे पण लिहिलंय.

हिशोबी_माणूस
@टॉर्कराव, १८ टक्के ३५० सीसीपर्यंतच. त्याच्या वर ४० झालाय सप्टेंबर २०२५ पासून. तुमचं इंजिन ३९९ चं आहे.

टॉर्कराव
मी आधीच घेतली होती त्यामुळे मला काय फरक पडत नाही. आणि ताई सॉरी, घाईत वाचलं. पण ड्यूकच घ्या.

सीबीझेडवाले_काका
आमच्या वेळी असले प्रश्नच नव्हते. १९९९ ला सीबीझेड आली, १५६ सीसी, पुढे डिस्क. नाशकात आमच्या कॉलनीत पहिली माझी. अजून आहे, रोज सकाळी एका किकला चालू होते. आताच्या गाड्या म्हणजे प्लॅस्टिक. जुनी सीबीझेड मिळाली तर बघा पण मिळणार नाही कारण ज्यांच्याकडे आहे ते देत नाहीत.

स्कूटरवाली_आत्या
मी सातारा रोडला रोज स्कूटर चालवते, काही जीव मुठीत वगैरे धरत नाही. पावसाळ्यात चिखल पायावर उडत नाही, भाजी पुढे ठेवता येते, साडी नेसून चालवता येते. घरचे बरोबर सांगतायत. मोटरसायकलला डबा कुठे ठेवणार?

खड्डा_स्पेशालिस्ट
डब्याला बॅग असते हो आत्या.
मूळ मुद्द्यावर येतो. मी अशीच एक सेकंडहँड घेतली होती, कुठली आणि कोणाकडून ते सांगत नाही, नाव घेतलं की भांडणं होतात. किमी २२ हजार दाखवत होती, पॉलिश एकदम चकाचक, मी भुललो. दोन महिन्यांनी नवीन टायर टाकायला गेलो तर टायरवाला म्हणतो साहेब पुढचा चिमटा (चाक धरणारा फोर्क) वाकलाय, गाडी कुठेतरी जोरात ठोकलीये. वर आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच, आधीच्या मालकाने लोन फेडलं पण एनओसी काढलीच नव्हती. त्याला शोधत मी तीन वेळा चिंचवडला गेलो. आरसीवर हायपोथिकेशन दिसतंय का ते पैसे द्यायच्या आधी बघा, नंतर कोणी फोन उचलत नाही.

पल्सरप्रेमी_बारामती
पल्सर १५० घ्या. विषय संपला. २००१ पासून रस्त्यावर आहे, कुठल्याही गावात स्टँडसमोरच्या टपरीवर पार्ट मिळतो.

सावंतवाडी_एक्सप्रेस
एफझी +१. २००८ ला पहिली आली तेव्हा तो १४० चा मागचा टायर बघायला आमच्या कॉलेजच्या स्टँडवर गर्दी व्हायची. मी अजून एफझीच वापरतोय, दुसरी. वळणावर गाडी अशी चिकटून राहते की आंबोली घाटात मजा येते. पिकअप म्हणाल तर पोहोचतो आपण, घाई कशाला. ॲव्हरेज ४५ देते.

शब्दच्छल
ॲव्हरेज म्हणजे सरासरी. गाडी सरासरी कशी देईल? मायलेज म्हणा.

सावंतवाडी_एक्सप्रेस
मायलेज पण इंग्रजीच आहे ना आणि त्यात मैल आहे, आपण किलोमीटर मोजतो. ॲव्हरेजच बरोबर. पंपावरचा पोरगा पण ॲव्हरेजच विचारतो.

शब्दच्छल
पंपावरचा पोरगा हा भाषेचा प्रमाण मानायचा का आता?

टॉर्कराव
ड्यूकला कोण ॲव्हरेज विचारत नाही 😎

मिस्त्री_कोल्हापूर
वीस वर्षं गॅरेज आहे माझं, त्यामुळे जरा लांब लिहितो, ज्याला वाचायचंय त्याने वाचावं.
ताई गाडी बघायला सकाळी जावा आणि मालकाला आदल्या दिवशी सांगा की चालू करून ठेवू नका. थंड इंजिनाला हात लावून बघा, गरम असेल तर आधीच तापवून ठेवलीय, म्हणजे थंडीत चालू व्हायला त्रास देते नाहीतर सुरुवातीला टॅपेटचा आवाज करते. निळा धूर आला तर घरी या, पांढरा जरा वेळ आला आणि गेला तर घाबरू नका. मग मेन स्टँडवर लावा, कोणाला तरी मागे बसवून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या, मधोमध आल्यावर खट्‌ करून अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) गेलाय. कोनसेटचा खर्च फार नसतो पण त्यावरून कळतं की गाडी खड्ड्यात दामटलीये. पुढच्या शॉकअपच्या पाइपवर बोट फिरवा, तेल लागलं तर सील गेलं. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून मागे ओढून बघा, दातावरून उचलली गेली तर पूर्ण किट बदलायचं, नुसती चेन नाही, नवी चेन जुन्या दातावर टाकली की सहा महिन्यांत दोन्ही गेले.
टायरच्या बाजूला गोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीन दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर दगड झालेला असतो, पावसात पकडत नाही.
आणि २०१९ ची अपाचे म्हणताय तर एप्रिलच्या आधीची की नंतरची ते विचारा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ च्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) लागलं, त्याच्या आधीच्या बऱ्याच बिनएबीएसच्या आहेत. पुढच्या चाकावर दात असलेली रिंग दिसते, ती बघा.

खड्डा_स्पेशालिस्ट
मिस्त्रींना +१. मी पण हेच म्हणत होतो, चिमटा बघा.

हिशोबी_माणूस
अजून एक, कोणी सांगत नाही म्हणून. थर्ड पार्टी इन्शुरन्सचा स्लॅब १५० सीसीला बदलतो. मी शेवटचा भरला तेव्हा ७५ ते १५० ला ७१४ होते आणि १५० च्या वर ३५० पर्यंत १३६६, वर जीएसटी. अपाचे १५९ ची म्हणजे वरच्या स्लॅबमध्ये, एफझी १४९ ची खाली. दर वर्षी तेवढ्यात चेनला लावायचं तेल येतं.

पल्सरप्रेमी_बारामती
पल्सर पण १४९ च आहे. 🙏

न्यूजर्सीकर
इथे माझ्या गॅरेजमध्ये दोन बाइक्स आहेत, पण डिसेंबर ते मार्च झाकून ठेवाव्या लागतात, बर्फ. तुम्ही लोक नशीबवान, बारा महिने चालवता. गाडी उभी करायची असेल तर टाकी गच्च भरून ठेवायची म्हणजे आत हवा राहत नाही, गंज धरत नाही, बॅटरीची वायर काढायची. तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही पण राहवलं नाही. पुण्यात असताना मी सिंहगड कॉलेजच्या चढावर...

सीबीझेडवाले_काका
बर्फात सीबीझेडसुद्धा चालू झाली असती.

बुटकी_पण_भारी
मी ५ फूट १, आणि गेली सहा वर्षं १५० चालवते, त्यामुळे पुरुषमंडळींनी जे सांगितलं नाही ते सांगते. सीटची उंची बघ. पल्सर १५० ची ७८५ मिमी, एफझी ७९०, अपाचे फोरव्ही ८००. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नको, सीट पुढे टाकीजवळ किती अरुंद आहे त्यावर पाय टेकतो की नाही ते ठरतं. तुझे रोजचे बूट घालून जा बघायला. दोन्ही चवडे टेकले की बास, टाचा टेकायची गरज नसते. सिग्नलला डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर, एवढं जमलं की जमलं. खरी अडचण पार्किंगमधून गाडी मागे ओढताना येते, तिथे वजन कळतं, उतारावर तोंड करून कधीच लावू नको. मी एकदा लावली आणि वॉचमनकाकांना हाक मारायला लागली, तेव्हापासून ते मला रोज "काढून देऊ का" विचारतात.

धायरी_फाटा
@बुटकी_पण_भारी, खूप खूप आभार, हेच हवं होतं.
@मिस्त्री, तुमची पोस्ट प्रिंट काढून नेणार आहे. वॉश, चेन, ऑइल याचं पण सांगा ना.

मिस्त्री_कोल्हापूर
चेन दर पाचशे किमीला, तुमचं रोजचं पन्नास म्हणजे दोन आठवड्यांनी एकदा. रॉकेल मिळत नाही आता, डिझेलच्या फडक्याने पुसा, मग ९० नंबरचं गिअर ऑइल नाहीतर स्प्रे, चाक हाताने फिरवून. हाताने. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये टाकून चेनला फडकं लावणारे मी बघितलेत, आमच्याकडच्या एका पोराच्या बोटाचं पेर गेलं त्यात.
ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच. घरात कारचं उरलंय म्हणून ते टाकू नका, बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, कारच्या तेलाने तो घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा. हवेचं प्रेशर आठवड्याला, थंड टायरला. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, हे कोणीच करत नाही.

पल्सरप्रेमी_बारामती
आणि ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) चं काय? त्याने रबरं खराब होतात म्हणे.

हिशोबी_माणूस
तो वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं की चारशे पोस्ट होतील.

(दुसऱ्या दिवशी)

टॉर्कराव
मी फक्त एवढंच म्हणतो की ई२० ने...

बुटकी_पण_भारी
नको!

(तीन आठवड्यांनी)

धायरी_फाटा
अपडेट द्यायचं राहिलं. अपाचे बघितली, चालवली, फार आवडली, खोटं कशाला बोलू, दुसऱ्या गिअरलाच हसू आलं. पण ती मार्च २०१९ ची निघाली, एबीएस नाही, आणि मालक ६६ च्या खाली येईना. एफझीचं हँडल मिस्त्री म्हणाले तसं मधे अडकलं. मी "कोनसेट गेलाय" म्हटल्यावर त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होता, तो सगळं माझ्या नवऱ्याकडे बघून बोलत होता तोपर्यंत.
मग कराडला गेले होते तर मामाच्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली तीच पल्सर १५०, २०१३ ची, एमएच ५०, कॉलेजात चालवायचे ती. तीन वर्षं उभी. मामा म्हणाला भाचीकडून पैसे कसले घ्यायचे, मी म्हटलं मग नको, शेवटी २० वर तुटलं. घेतली.

टॉर्कराव
कार्ब्युरेटर??? २०२६ मध्ये???

खड्डा_स्पेशालिस्ट
एबीएस नाही म्हणून अपाचे सोडली आणि तेरा वर्षांची बिनएबीएस घेतली, हे काय लॉजिक?

धायरी_फाटा
लॉजिक असं की ६६ हजार देऊन बिनएबीएस घ्यायची नव्हती, २० हजारात चालतं. शिवाय ही कुठे कुठे पडली ते मला माहितीये, त्यातल्या दोन वेळा मीच पाडली.
खर्च सांगते. दोन्ही टायर, चेन किट, बॅटरी, कार्ब्युरेटर खोलून साफ, पुढच्या डिस्कचं किट, तेल, लेबर मिळून १४ हजार ८००. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं तर रॉकेलसारखा वास येत होता, तळाला लाल चिखल. @न्यूजर्सीकर, तुमची पोस्ट मामाने तीन वर्षांपूर्वी वाचायला हवी होती. नंबरप्लेट एचएसआरपी ५३१, पीयूसी, थर्ड पार्टी खालच्याच स्लॅबचा. फॉर्म २९, ३० वर मामाच्या सह्या घेऊन आलेय, ट्रान्सफरचं चालू आहे. सगळं धरून चाळीसच्या आत बसेल. आरसी २०२८ पर्यंत आहे, पुढचं पुढे बघू. मधल्या काळात पैसे जमवून एबीएसवाली नवीनच घेईन बहुतेक.

पल्सरप्रेमी_बारामती
शाब्बास ताई!! मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो.

स्कूटरवाली_आत्या
स्कूटर विकू नका. पावसाळ्यात आठवण येईल.

धायरी_फाटा
स्कूटर नवऱ्याने ढापलीये, आत्या.
एकच तक्रार, चांदणी चौकाच्या चढाला चौथ्यात पन्नासला मधेच एक झटका देते, हुंदका दिल्यासारखा. गॅरेजवाला म्हणाला प्लग नवा टाकलाय, कार्ब्युरेटर ट्यून केलाय, जुनी गाडी आहे, चालायचंच.

मिस्त्री_कोल्हापूर
प्लग नवा टाकलाय म्हणजे किती टाकले?

धायरी_फाटा
किती म्हणजे? एक. बिलावर एकच आहे.

मिस्त्री_कोल्हापूर
त्या इंजिनाला दोन असतात. एक समोर दिसतो, तो सगळे बदलतात. दुसऱ्याला वेडावाकडा हात घालायला लागतो म्हणून राहतो. तुमचा दुसरा बहुतेक २०१३ चाच असेल.

धायरी_फाटा
थांबा, खाली पार्किंगमध्ये जाऊन बघते.